डाव्या कोपऱ्याचा खुलासा

मु. पो. धावडा, ता. भोकरदन, जि. जालना
संक्रांतीनंतरचा दहावा दिवस

तीर्थरूप रामकिसन दाजी,

धाकट्या मेहुण्याचा दोन्ही हात जोडून आणि तोंड मिटून नमस्कार. (मिटून का, ते पुढं येईल.) तुमचा गुडघा कसा आहे? माणसाला गुडघा आहे हे रिटायर झाल्यावरच कळतं म्हणतात. बीपीची गोळी चालू असेल. नसेल तर आधी गोळी घ्यावी, मंग हे पत्र वाचावं. अक्काचा खोकला थांबला का? इकडं तूर निघाली, हरभरा घाट्यावर आला, बैल बरे आहेत, मीना बरी आहे, आणि मी कसा आहे हे तुम्ही विचारणार नाही हे माहीत असल्यामुळं माझं मीच सांगतो : मला एक तीळ अडकला आहे.

एकच. संक्रांतीच्या सकाळी मीनानं तिळगुळाचा लाडू हातावर ठेवला. मी तो तुमच्या लेकीच्या नियमाप्रमाणं (चावायचा नाही, चघळायचा) तोंडात विरघळवला, आणि त्यातला एक तीळ डाव्या बाजूच्या वरच्या चौथ्या दातावर जी लोखंडी टिकली चिकटवली आहे तिच्यामागं, तारेच्या खाली जाऊन जो बसला, तो आज दहा दिवस झाले तरी बिलकुल हललेला नाही. ब्रश घालून पाहिला, दोरा घालून पाहिला, चुळा भरभरून परसातल्या पपईला पाणी झालं. दाजी, सहन करायलाही काही हद्द असते. गायरानावरचं अतिक्रमण काढायला तहसीलदार येतो, तारेवरचा आकडा काढायला लाइनमन येतो, या तिळाविरुद्ध मी कुणाकडं दाद मागावी? माझ्या जिभेला दुसरं कामच उरलेलं नाही. पोस्टात शिक्का मारताना ती तिथं, बैलांना पेंड घालताना तिथं, झोपेतही तिथंच असावी. गावातल्या म्हाताऱ्या म्हणतात, मास्तरनं गुरू केला वाटतं, सारखा तोंडातल्या तोंडात जप चालू असतो. आणि खरी तक्रार पुढंच आहे. तिळगूळ घ्या म्हणायला त्या दिवशी मी तुम्हाला चार वेळा फोन लावला. तुम्ही उचलला नाही. वर्षाचा तो एकच दिवस असा की भांडलेली माणसंही बोलतात. त्यातला तीळ माझ्या वाट्याला आला, बोलणं राहून गेलं.

म्हणून पत्र. मी पोस्टमास्तर असलो तरी खाजगी पत्र लिहून मला बारा वर्षं झाली असतील. धावड्याच्या पोस्टात आता पत्रं येतात ती बँकेची, विम्याची आणि वकिलाची. ज्याच्या नावानं आलं तो माणूस आधी घाबरतो, मंग सही करतो. पण फोन तुम्ही उचलत नाही, मोबाईलवरचा माझा निरोप तुमच्याकडं जाऊन निळा होत नाही, आणि पत्र मात्र पोस्टमन दारात येऊन हातात देतो, ते घेतलं नाही तर शेजारी चौकशी करतात. तेव्हा हे तुम्ही घ्याल.

तुमच्या रागाचं कारण मी सरळ लिहितो, आडून-आडून नको. एकतीस डिसेंबरला अंकुशनगरला साखर कारखान्यावर तुमचा सेवापूर्तीचा सत्कार झाला. तुम्ही बोलत होतात, मी पहिल्या रांगेत बसलो होतो, आणि तुमच्या भाषणातल्या सगळ्यात महत्त्वाच्या वाक्याला मी तुमच्याकडं बघून कुत्सित हसलो, असं तुमचं म्हणणं आहे. दाजी, मी हसलो नाही. माझं तोंड हसलं. या दोन्हीत फरक आहे, आणि तो समजावून सांगायला मला चौदा महिने मागं जावं लागेल.

मागच्याच्या मागच्या दिवाळीत तुमची शीतल मामाच्या गावाला आली. पोरगी दातांच्या डॉक्टरकीची मोठी पदवी शिकून राह्यली, मामाला आनंद झाला, मामानं चकलीचं ताट पुढं केलं. तिनं चकलीकडं पाहिलंच नाही. मोबाईलचा टॉर्च लावला, माझा ओठ दोन बोटांनी वर उचलला आणि बैलबाजारात दलाल बघतो तसं बघून म्हणाली, "मामा, तुमचं तोंड म्हणजे खजिना आहे." आजवर माझ्या तोंडाला लोकांनी पुष्कळ काही म्हटलं होतं, हे पहिल्यांदाच. मंग कळलं की त्यांच्या परीक्षेला पेशंटही स्वतःच मिळवायचे असतात, आणि चाळिशी उलटलेला, दात पुढं आलेला, एकावर एक चढलेला आणि वर्ष-दीड वर्ष न चुकता संभाजीनगरला हेलपाटे घालील असा माणूस पैसे देऊनही सापडत नाही. भाचीचं लग्न असो की परीक्षा, मामानं पाठीमागं उभं राहायचं ही आपली रीत. मी तोंड उघडलं. (मीना म्हणाली, एरवी मी सांगून दमते की तोंड उघडा, काहीतरी बोला, तेव्हा न्हाई.)

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दाताला तारा लावून गावात फिरणं काय असतं, हे तुम्हाला सांगून कळायचं नाही. शाळेतली पोरं पोस्टाच्या खिडकीत येऊन "मास्तर, एकदा ई करा" म्हणायची. ऊस बंद, हुरडा बंद, कणीस बंद, कडक भाकरी बंद. ऊस बंद झाला तेव्हा मी अंकुशनगरकडं तोंड करून एक मोठा श्वास घेतला होता, हेही नोंद करून ठेवा. पण हे सगळं मी सोसलं, आणि दात खरंच आत गेले. घोटाळा पुढं झाला. दात सरळ झाले तसं तोंड वाकडं दिसायला लागलं.

शीतलनं समजावून सांगितलं. वरच्या दोन मोठ्या दातांमधली जी फट असते ती नाकाच्या बराबर खाली यायला पाहिजे. माझी तीन मिलिमीटर बाजूला आहे, आणि हनुवटीही थोडी त्याच अंगाला. आता ती ओढून मधोमध आणायची. त्यासाठी वरच्या आणि खालच्या दातांच्या आकड्यांत बारीक रबरं अडकवायची, डावीकडं एका दिशेनं, उजवीकडं दुसऱ्या दिशेनं. हे चालू असताना काही दिवस हसू एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी दिसेल, घाबरायचं नाही, शेवटी जुळून येतं. आणि जाता जाता असंही म्हणाली की कुणाचाच चेहरा दोन्हीकडं सारखा नसतो. हे तिनं उगाच सांगितलं. त्या दिवसापासून मी सगळ्यांचे चेहरे मोजायला लागलो. पोस्टात आलेला माणूस काय बोलतो ते कानात जात नाही, त्याची डावी भुवई वर आहे एवढं दिसतं. सर्जेराव, माझा चुलतभाऊ, त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली आहे हे तुम्हाला माहीत होतं का? जन्मापासून आम्ही एका बांधाला आहोत, मला माहीत नव्हतं. (हे त्याला सांगू नका. किंवा सांगा.)

माझं म्हणाल तर मला काहीच उमगेना. आरशात तोंड डावीकडं वर दिसायचं, शीतलनं काढलेल्या फोटोत उजवीकडं, आणि मोबाईलवर स्वतःचा स्वतः फोटो काढायला गेलो तर काढेपर्यंत डावीकडं आणि काढल्यावर उजवीकडं. न्हाव्यानं मिशी जबाबदार धरली, एक बाजू कापून दुसरीशी जुळवता जुळवता मिशीच जवळपास गेली. मीना म्हणाली, लग्नातही असंच होतं, मी काही बोलले का? शेवटी पोस्टाच्या शेजारी ज्यांचं घर चालू आहे तिथला संपत गवंडी म्हणाला, मास्तर, उगं कुणाचं ऐकू नका, या इकडं. त्यानं मला सिमेंटच्या गोणीवर बसवलं, माझ्या कपाळावर मधोमध बोटानं ओळंब्याचा दोरा धरला आणि खाली पितळी लंबक सोडला. लंबक हनुवटीखाली गळ्यापाशी हलत राहिला. रस्त्यावरची सात-आठ माणसं थांबली. संपतनं एक डोळा मिटला, दुसरा मिटला, मंग जरा मागं सरून पाहिलं.

"नाक बराबर हे," म्हणाला. "व्हट जरा डावीकडं हे. पण मास्तर, तुम्हाला वाकडं म्हणण्यात अर्थ न्हाई."

"का रे?"

"तुमच्या मागची भित बी त्याच अंगाला हे. ती मीच बांधली हे."

तर असा मी घोटाळ्यात असताना नोव्हेंबर लागला. शीतलचा प्रबंध की काय तो द्यायचा होता, तिनं सहा आठवड्यांची रबरं एकदाच देऊन टाकली. दोन प्रकारच्या पुड्या. या रबरांच्या पुड्यांवर जनावरांची चित्रं असतात, कोणतं रबर कोणत्या मापाचं हे जनावरावरून ओळखायचं. एका पुडीवर ससा होता, दुसरीवर कोल्हा. डावीकडं एक कोल्हा, उजवीकडं एक ससा, रोज सकाळी नवा, असा हुकूम होता. मी पंधरा दिवस तसंच केलं. काही फरक दिसेना. तेव्हा मी एका जाणत्या माणसाला फोन केला. नाव लिहीत नाही. मोठा माणूस आहे, वजन-मापातला आहे, त्याच्या शब्दाला मी लग्नाआधीपासून मान देतो. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भागवत, गाडीला जोडी जुंपली आणि एक बैल मागं राहून राह्यला, गाडी एका अंगाला जाऊन राह्यली, तर काय करतोस?" मी म्हटलं, मागच्याला रेटतो, पुढच्याला आवरतो. "मंग," तो म्हणाला, "दाताला येगळं काय असतंय?"

दाजी, मला ते लख्ख पटलं. चार पिढ्या आपण बैलामागं चाललो, त्यातलं शहाणपण असं दातापर्यंत येईल असं वाटलं नव्हतं. डावी बाजू मागं होती (असं आरशावरून मी ठरवलं होतं), म्हणून डावीकडं दोन कोल्हे जुंपले. उजवी बाजू पुढं पळत होती, म्हणून उजवीकडचा ससा सोडून दिला. उजवीकडं मी त्यानंतर एकही रबर लावलं नाही. जोर कळायला लागला. जबडा दुखायचा, मी म्हणायचो, बैल लागला वाटंला. दोन आठवड्यांत माझ्या तोंडाचा डावा कोपरा असा वर गेला की मी गप्प बसलो तरी समोरच्याला वाटावं, याला माझी काहीतरी भानगड कळली आहे.

त्या दिवसांत माझे काय हाल झाले! ग्रामसेवक पोस्टात आला, नुसता माझ्याकडं पाहून म्हणाला, मास्तर, त्या नळाच्या पायपाचं मी सांगतो तुम्हाला सगळं. मी काही विचारलंच नव्हतं. गावातल्या चांगुणाबाई वारल्या, त्यांच्या दहाव्याला जायचं म्हणजे तर कसोटी. मी उपरणं दोन्ही हातांनी तोंडाला घट्ट लावून बसलो, एक शब्द बोललो नाही. परत येताना ऐकलं, लेकांपेक्षा जास्त तर पोस्टमास्तर रडला. चांगुणाबाईंच्या थोरल्यानं दुसऱ्या दिवशी येऊन हात धरून विचारलं, आमची माय तुमची कोण लागत होती? त्यालाही मी नीट उत्तर देऊ शकलो नाही, कारण उपरणं धुवायला टाकलं होतं. मला स्वतःला कळेनासं झालं की मी हसतो आहे का नाही. मीनाला विचारायचो, मी आत्ता हसून राह्यलो का? ती म्हणायची, तुम्हालाच म्हाईत.

अशा अवस्थेत मी तुमच्या सत्काराला आलो. येऊ नये असं एकदा मनात आलं होतं. पण चौतीस वर्षं ज्या माणसानं कारखान्याच्या वजनकाट्यावर बसून उसाच्या गाड्या मोजल्या, त्याच्या शेवटच्या दिवशी मेहुणा नाही, हे बरं दिसलं नसतं. तुम्ही फेटा बांधून उभे, गळ्यात पाच-सहा हार, अक्का पहिल्या रांगेत माझ्याशेजारी नवी पैठणी सावरत. तुम्ही बोलायला लागलात. सुरुवातीची पंचवीस मिनिटं मी खाली पायातल्या चपलेकडं बघत होतो, हे अक्का सांगेल. मंग तुम्ही आवाज चढवला, उजवा हात वर केला आणि म्हणालात, "चौतीस वर्षं काट्यावर बसलो, पण कुणाच्या उसाच्या एका टिपऱ्याचं कधी डावं-उजवं केलं न्हाई!" असं वाक्य कानावर पडल्यावर कोणता मेहुणा मान वर करणार नाही? मी मान वर केली. तुमची नजर नेमकी माझ्यावर. आणि माझ्या तोंडाचा डावा कोपरा, दोन कोल्ह्यांच्या जोरावर, कानाकडं.

तुम्ही थांबलात. मागच्या रांगेत ऊस घालणारे बसले होते, त्यांनी तुमची नजर कुठं गेली ते पाहिलं, माझं तोंड पाहिलं आणि त्यातला एक जण फसकन हसला. त्याचं बघून दुसरा. चौतीस वर्षांच्या सचोटीवर घरच्याच माणसानं पहिल्या रांगेत बसून शंका घेतली, असं दिसलं. तुम्ही हातातला कागद घडी करून खिशात घातला, "जेवण करून जा" एवढं म्हणालात आणि बसलात. त्या दिवसापासून तुमचा माझ्याशी एक शब्द नाही. आणि परवा शीतलच्या लग्नपत्रिकेचा कच्चा नमुना घरच्या ग्रुपवर आला. मामांच्या चौकटीत पहिलं नाव सर्जेराव. दुसरं नाव सर्जेरावचा धाकटा भाऊ. तिसरं नावच नाही. सख्खा मामा एक, आणि तो चौकटीबाहेर. ज्या पोरीला मी पहिल्यांदा पाळण्यात घातलं, जिच्यासाठी चौदा महिने ऊस सोडला, तिच्या डोक्यावर अक्षता पडताना पाठीशी एक कान खाली असलेला माणूस उभा राहणार. सर्जेरावनं तो नमुना गावात सगळ्यांना दाखवला. पोस्टातही घेऊन आला. मी काउंटरवरून तो वाचला आणि माझ्याकडून काही बोलणं व्हायच्या आधी तोच म्हणाला, भागवत, याच्यात हसण्यासारखं काय हे?

शीतलला खरं कळलं ते या महिन्यात. तिनं तोंड उघडायला लावलं, आत बघितलं, आणि तिच्या हातातला छोटा आरसा तसाच राहिला. "मामा, हे काय? डावीकडं दोन? उजवीकडं काहीच न्हाई? कुणी सांगितलं?" मी म्हटलं, एका जाणत्यानं. "मामा, तुमचं तोंड म्हणजे काय बैलगाडी हे का?" आणि ती हसली नाही, दाजी, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. परीक्षेत माझे सुरुवातीपासूनचे सगळे फोटो मांडायचे आहेत, आणि त्यात मधेच हा गडी असा गालात हसताना दिसणार. मी तिला म्हटलं, घाबरू नको, मामा तोंड सरळ करूनच परीक्षेला येईल. दोन्ही कोल्हे सोडले, नवीन पुडी दिली, आता रोज सकाळी मी तिच्या सांगण्याप्रमाणं एक-एकच लावतो आणि लावल्याचा फोटो तिला पाठवतो. ती म्हणते, उन्हाळ्यापर्यंत बराबर होईल. पण लग्न त्याच्या आधी आहे.

तर खुलासा एवढाच की ते हसू माझं नव्हतं, रबराचं होतं. शीतलला विचारून खात्री करावी. शंका उरली तर संपत गवंडी ओळंबा घेऊन यायला तयार आहे. वडीलधाऱ्याचा राग असला तर असू द्या, पण तो माझ्यावर असावा, रबरावर निघू नये, म्हणजे उलट. मला सध्या डावं-उजवं नीट कळत नाही, समजून घ्यावं.

अक्काला नमस्कार. गुडघ्याला तिळाचं तेल लावावं. इकडं एक तीळ जास्तीचा आहे, तो निघाला तर कळवीन.

तुमचा धाकटा मेहुणा,
भागवत

ता. क. — पत्रिका मंगळवारी छपाईला जाते असं अक्काकडून कळलं. मामांच्या चौकटीत सर्जेरावच्या धाकट्याच्या खाली एक ओळ रिकामी आहे, मी मोबाईलवर मोठं करून पाहिलं. तिथं माझं नाव टाकायला छापणाऱ्याला काही कष्ट नाहीत. पहिलंच पाहिजे असा माझा हट्ट नाही. (सख्ख्या मामाचं नाव पहिलं असतं हा हट्ट नाही, रीत आहे.) फोटो छापायचा असेल तर मी मान उजवीकडं वळवून काढून पाठवतो.

ता. क. दुसरा — बैलजोडीचा सल्ला देणारे जाणते गृहस्थ तुम्हीच. तुम्हाला आठवत नसेल, कारण त्याच दमात तुम्ही मला गुडघ्याचं सांगितलं होतं. शीतलला आणि अक्काला मी नाव सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुमच्या लेकीच्या परीक्षेतल्या त्या फोटोत अर्धा हात तुमचा आहे, हे आपल्या दोघांतच राहू द्या.

ता. क. तिसरा — हे लिहायचं नव्हतं. पण पत्र पाकिटात घालून झाल्यावर रात्री झोप लागेना, म्हणून सकाळी परत उघडलं. (पोस्टमास्तरनं बंद पाकीट उघडणं बरं नाही, पण स्वतःचं आहे.) शीतलनं तुमच्या सत्काराचं चित्रण मला तोंड तपासायला म्हणून दाखवलं होतं, थांबवून-थांबवून. त्यात डावा कोपरा वर आहे हे तर दिसतंच. पण दाजी, उजवाही वर आहे. माझ्या डाव्या गालावर मस आहे, त्यावरून बाजू ओळखा, आरशाचा घोटाळा नको. उजवीकडं रबर नव्हतं. म्हणजे मी हसलो होतो. शीतलच्या लक्षात आलं, तिनं चित्रण बंद केलं.

पण मी काट्यावर हसलो नाही. तुमच्या काट्यावर मला जन्मात कधी शंका आली नाही. तुम्ही हात वर करून ते वाक्य म्हणालात तेव्हा फोटोवाला तुमच्या पुढ्यात आला आणि म्हणाला, साहेब, जरा इकडं. आणि तुमचं तोंड एका बाजूला असं गेलं, जसं एकोणतीस वर्षांमागं तुमच्या लग्नात गेलं होतं. ते मला दिसलं आणि आवरलं नाही. तुमच्या लग्नातला फोटोवाला मांडवात सगळ्यांदेखत ओरडला होता, ए नवरीच्या भावा, तोंड मिट, दात पुढं येऊन राह्यले. सगळा मांडव हसला. मी एकोणीस वर्षांचा होतो, मी तोंड मिटलं आणि मला तिथून पळून जायचं होतं. तेवढ्यात तुम्ही, नवरदेवानं, मुंडावळ्या बांधलेल्या असताना तोंड असं वेडंवाकडं केलं की सगळे तुमच्याकडं बघून हसायला लागले, मलाही हसू फुटलं, आणि त्याच वेळी फोटो निघाला. बाकीचं रीळ उजेड लागून वाया गेलं, तो एकच राहिला. तुमच्या बैठकीत अजून लावलेला आहे : नवरदेव वाकडा आणि मागं उभा मी, सगळे दात बाहेर. त्याच्यानंतर शीतलच्या हाती लागेपर्यंत मी एकाही फोटोत दात दाखवले नाहीत. तुम्हाला वाटत असेल, पोराला कळलं नाही. मला तेव्हाच कळलं होतं. म्हणायचं राहून गेलं.

ता. क. शेवटचा — त्या फोटोवरून अक्का तुम्हाला एकोणतीस वर्षं बोलून राह्यली, की एकुलता एक फोटो आणि त्यात यांनी माकडासारखं तोंड केलं. तुम्ही कधी कारण सांगितलं नाही, मी कधी तुमच्या बाजूनं बोललो नाही. आत्ता, हे लिहायच्या आधी, तिला फोन करून सांगून टाकलं. मंग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, फोटो खाली काढला असावा, कारण बऱ्याच वेळानं पदरानं काच पुसत असल्यासारखी बोलली, "भागवत, दात किती चांगले होते रे तुझे."

पाकिटात तिळगूळ घातला आहे. तुम्ही चावून खा.